एचएमटी जनता: उद्यमनगरात रोज वापरायचं चावीचं घड्याळ

कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात जाऊन एचएमटी म्हणा, दहातले आठ जण लेथबद्दलच बोलायला लागतील. एनएच 22, एनएच 26 ही एचएमटीच्या लेथची मॉडेलं, कुणाच्या शेडमधे कुठलं आहे, बेड अजून कसा आहे, स्पिंडलला प्ले आलाय का. आमच्याकडं पण एक जुनं एनएच 22 आहे आणि आजसुद्धा त्याच्यावर काम निघतंय. त्याच कंपनीचं घड्याळ मनगटावर असावं ही माझी जुनी इच्छा होती, ती जनता घेऊन पूर्ण झाली, आणि आता चांगलं वापरून झाल्यावर हा रिव्ह्यू लिहितोय. एका वाक्यात सांगायचं तर ओरिजिनल डायलचं, नीट सर्व्हिस झालेलं जनता मिळालं तर डोळे झाकून घ्या. त्यातला "ओरिजिनल" आणि "सर्व्हिस झालेलं" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण बहुतेक लोक तिथंच फसतात.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, सरकारी कंपनी, 1953 ला बेंगळुरूत मशीन बनवायला म्हणून सुरू झाली. घड्याळं नंतर आली, 1961 ला जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर करार करून. पुढं तुमकूर, श्रीनगर, राणीबाग अशा ठिकाणी पण घड्याळांचे कारखाने झाले. 1984 ला टायटन कंपनी निघाली, पुढं तिची सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली, दिसायला भारी, चावी द्यायची कटकट नाही, टाइम पण बरोबर, आणि गिऱ्हाईक तिकडं गेलं. शेवटी 2016 ला सरकारनं एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आज जुनं जनता घेताय तर ते कुणाच्या तरी कपाटातून, ड्रॉवरमधून किंवा रिपेअरवाल्याच्या डब्यातून आलेलं असतंय. हे डोक्यात ठेवून घ्यायचं.

आता घड्याळाबद्दल. जनता हे साधं घड्याळ आहे आणि त्याचा साधेपणाच मला आवडतो. साधारण 35 मिमी, पांढरट डायल, बारीक काटे, तारीख नाही, वार नाही, काही नाही. माझ्या डायलवर देवनागरीत "जनता" लिहिलंय, ते अक्षर इतकं सुरेख आहे की मी टाइम बघायला म्हणून हात वर करतो आणि टाइम न बघता अक्षरच बघून हात खाली घेतो. आजकाल 42-44 मिमीची घड्याळं बघून डोळ्याला सवय झालेली असते त्यामुळं पहिले काही दिवस हे लहान वाटतंय, पण फुल शर्टाच्या कफखाली सरळ जातंय, गाडीवर हँडल धरलं की मनगटाला टोचत नाही. काच प्लॅस्टिकची, म्हणजे अॅक्रिलिकची, चरे लगेच पडतात पण पॉलिश केल्यावर जातात पण, आणि पडलं तर काचेसारखे तुकडे होऊन डायलवर पसरत नाहीत. माझ्या घड्याळाचं केस, म्हणजे बाहेरची डबी, पितळेवर क्रोम केलेलं आहे, मागचं झाकण स्टीलचं. पट्ट्याच्या बाजूला क्रोम थोडं उडून पितळ दिसायला लागलंय. मला ते तसंच ठेवायचंय, परत प्लेटिंग करणार नाही, कारण प्लेटिंगच्या आधी बफिंग मारतात आणि बफिंगमधे केसच्या कडा गोल होऊन जातात.

आतलं मशीन हा खरा विषय. 17 ज्वेलचं, चावीचं, सिटिझनच्या डिझाइनवरनं आलेलं. ज्वेल म्हणजे दागिन्यातले खडे नव्हेत, कृत्रिम माणकाचे बारीक बुश असतात, त्यात चाकांचे पिव्हट, म्हणजे आसाची बारीक टोकं, फिरतात, आपण ब्राँझचा बुश टाकतो तेच काम, फक्त माणिक इतकं कठीण आणि गुळगुळीत असतंय की योग्य तेल असलं तर कित्येक वर्षं झीज होत नाही. डायलवर पॅराशॉक लिहिलेलं असतंय, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या, मागं-पुढं हलून टाइम मोजणाऱ्या चाकाच्या, पिव्हटचं माणिक घट्ट न बसवता स्प्रिंगवर बसवलेलं असतंय, धक्का बसला की ते जरा सरकतंय आणि परत जागेवर येतंय, पिव्हट मोडत नाही. शिरोलीला गाडीवरनं रोज जाणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

बॅलन्स तासाला 18000 ठोके देतंय, म्हणजे सेकंदाला 5, दिवसाला 4 लाख 32 हजार. हे ऐकायचं असेल तर रात्री कानाला लावा. बारीक, कोरडा, एकसारखा आवाज. माझी मुलगी झोपायच्या आधी मागून घेऊन ऐकते.

अॅक्युरसीवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण "मेकॅनिकल घड्याळ टाइम धरत नाही" हे वाक्य मी लई वेळा ऐकलंय आणि बोलणारा बहुतेक वेळा आपल्याच लाइनीतला असतो. दिवसात 86400 सेकंद. समजा घड्याळ दिवसाला 30 सेकंद पुढं जातंय. 86400 मधे 30 म्हणजे किती, तर 100 मिमीच्या मापावर साधारण 35 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे 35. आता 100 मिमीच्या बोअरला, म्हणजे भोकाला, एच 7 चा टॉलरन्स, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकाला चालणारा फरक, किती, टेबल काढून बघा, 35 मायक्रॉन. म्हणजे दिवसाला 30 सेकंद पुढं जाणारं पन्नास वर्षं जुनं घड्याळसुद्धा एच 7 च्या बोअरएवढं बसतंय, आणि ते पण एसीत एका जागी ठेवून नव्हे, हातावर, उन्हात, पावसात, कधी उभं कधी आडवं, चोवीस तास. माझं सर्व्हिसनंतर दिवसाला दहा-पंधरा सेकंद पुढं आहे, म्हणजे 100 वर 12 ते 17 मायक्रॉन. हा हिशोब मी आमच्या टर्नरला सांगितला तर त्यानं घड्याळ हातात घेऊन लई वेळ नुसतं बघितलं, आणि म्हटला, मालक, हे तर ग्राइंडिंगचं काम आहे. लेथपेक्षा बारीक मापाचं काम ग्राइंडिंगवर करतात, म्हणून.

टाइम चांगला पाहिजे असेल तर चावी रोज सकाळी एकाच वेळेला द्यायची. कारण मेनस्प्रिंग, म्हणजे चावीनं भरणारी स्प्रिंग, भरलेली असताना जोर एकसारखा मिळतो, उतरत आली की जोर कमी होतो आणि चाल बदलते. फुल चावीवर दीड दिवसाच्या आसपास चालतंय पण म्हणून दीड दिवस थांबायचं नाही. हळू फिरवत जायचं, बोटाला अडल्यासारखं जाणवलं की थांबायचं, पुढं जोर लावायचा नाही. आणि रात्री कसं ठेवताय त्यानं पण फरक पडतोय, डायल वर करून सपाट ठेवलं तर चाल वेगळी, चावीची बाजू खाली करून उभं ठेवलं तर वेगळी. दोन्ही करून बघा, दिवसभरात जे पुढं जातंय ते रात्रीत मागं ओढणारी पोझिशन सापडते. माझ्या घड्याळाला उभं ठेवलेलं मानवतंय. चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळं सेकंदाला सेकंद जुळवून लावायची हौस असणाऱ्यांना हे जमायचं नाही.

आता आमच्या भागातल्या लोकांसाठी खास. मशीनवर घड्याळ घालायचं नाही. लेथ, ड्रिल, मिलिंग, काहीही असो, फिरणाऱ्या चकजवळ, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या भागाजवळ, मनगटावर काही असू नये, हे सगळ्यात आधी. म्हणून लोक काढून ठेवतात, आणि ठेवतात कुठं, तर टूलबॉक्समधे, डायल गेजच्या मॅग्नेटिक बेसशेजारी, नाहीतर सरफेस ग्राइंडरच्या टेबलावर मॅग्नेटिक चकजवळ. आमच्या रविवारच्या कट्ट्यावरच्या एका फाउंड्रीवाल्या मित्राचं एचएमटी एकदम दिवसाला कितीतरी मिनिटं पुढं पळायला लागलं, त्याला वाटलं मशीन गेलं. गेलं काही नव्हतं, मॅग्नेट लागलं होतं. बॅलन्सची हेअरस्प्रिंग केसापेक्षा बारीक असते, चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकाला चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि ठोके जलद पडतात. बघायचं सोपं आहे, साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई हलली की समजायचं. रिपेअरवाल्याकडं डिमॅग्नेटायझरची छोटी डबी असते, बटण दाबून घड्याळ त्याच्यावरनं हळूहळू लांब न्यायचं, मिनिटाच्या आत काम होतंय. कुणी लगेच झाकण उघडून "मशीन बदलायला लागतंय" म्हटलं तर आधी डिमॅग्नेटाइझ करायला सांगा. आणि शेडमधे घड्याळासाठी भिंतीवर एक लाकडी खुंटी मारा, लोखंडाच्या कपाटापासून लांब. आमच्याकडं आता तशी आहे.

पाणी हा जनताचा खरा दोष आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. हे घड्याळ पाण्यासाठी नाहीच. जुलैत कोल्हापूरचा पाऊस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरनं वाहायला लागलेली, रेनकोटच्या बाहीतनं पाणी आत, अशा वेळी हातात जनता घालायचं नाही. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडं न्या, झाकण उघडून वाळवायला लागतंय, नाहीतर चावीच्या दांड्याला गंज धरतो आणि डायलवर तपकिरी डाग येतात, ते डाग परत जात नाहीत. पावसाळ्याचे महिने मी कॅसिओ एफ 91 डब्ल्यू घालतो, 1989 पासून तसंच्या तसं निघणारं, 21 ग्रॅमचं, महिन्याला 30 सेकंदाच्या आत राहणारं, सेल सात-एक वर्षं जाणारं. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उत्तम घड्याळ आहे.

कट्ट्यावर बाकीच्यांच्या हातात काय आहे ते पण सांगतो, तुलना केल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. एकाकडं जुनं सेको 5 आहे, 7एस26 मशीनचं, हाताच्या हालचालीवर चावी भरणारं, 21 ज्वेल, वार-तारीख एकाच खिडकीत. लई दणकट, पण चावी हातानं देता येत नाही, बंद पडलं की हलवत बसायचं. नव्या सेको 5 स्पोर्ट्समधे 4आर36 येतंय, त्यात चावी देता येते आणि काटा थांबवता पण येतो, पण त्याला बरेच पैसे मोजायला लागतात आणि त्यातलं 42.5 मिमीचं सगळ्यांच्या मनगटाला शोभत नाही. आमच्यातले एक बँकेतले साहेब आहेत, त्यांच्याकडं टायटन एज, 2002 ला आलेलं ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं. एवढ्या पातळ केसमधे सगळं बसवायचं म्हणजे काय काम असेल हे मशीनवाल्यालाच कळतंय, मी त्यांच्याकडनं मागून घेऊन व्हर्नियर लावून बघितलं, खरंच तेवढंच भरतंय. भारतीय कंपनीनं केलेलं काम म्हणून अभिमान वाटतो. पण ते सेलचं आहे, कानाला लावलं तर ऐकण्यासारखं काही नाही. माझं मन चावीच्या घड्याळातच रमतंय.

खरेदीबद्दल. ऑनलाइन हजार-बाराशेला एचएमटी जनता, एचएमटी पायलट म्हणून जी चकाचक घड्याळं दिसतात, केशरी डायल, हिरवं डायल, निळं डायल, त्यातली बहुतेक रीडायल असतात. म्हणजे जुनं डायल खरवडून नवा रंग मारून वरनं परत छपाई. दुसऱ्या कुठल्या घड्याळाचे काटे, तिसऱ्याचं केस, आणि मशीन कसंतरी चालू करून दिलेलं. कंपनीनं जे कधी काढलंच नाही ते कंपनीच्या नावानं विकतात, हे मला पटत नाही. आमच्या एका ओळखीच्यांनी असं एक मागवलं, पंधरवड्यात मिनिट काटा निसटून डायलवर पडला. ओळखायचं कसं, तर भिंग घेऊन छपाई बघा. ओरिजिनल छपाई बारीक आणि कडेला स्वच्छ असते, रीडायलवर अक्षर जाड, फुगलेलं, कधी तिरकं. मिनिटाच्या रेषा आणि तासाच्या खुणा एका ओळीत येतायत का बघा, 12 आणि 6 ला तर नक्की. काट्यांची लांबी बघा, मिनिट काटा मिनिटाच्या रेषेपर्यंत पोचला पाहिजे. आणि विकणाऱ्याला झाकण उघडून मशीनचा फोटो मागा, ब्रिजवर, म्हणजे चाकं धरणाऱ्या पट्टीवर, एचएमटीचं मार्किंग, गंज नाही, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या नाहीत. स्क्रूची खाच बघून आधीचा मिस्त्री कसा होता ते कळतंय, हे लेथला जेवढं लागू तेवढंच घड्याळाला. डायल थोडं पिवळट पडलेलं, एखादा ठिपका असलेलं असेल तर घाबरू नका, उलट ते बरं लक्षण आहे.

मला माझं महाद्वार रोडच्या बाजूच्या एका बोळातल्या रिपेअरवाल्या काकांकडं मिळालं, सर्व्हिससकट अडीच हजाराला. पाच-सहा फुटाची टपरी, डोळ्याला भिंग, काचेच्या बरण्या उलट्या घालून त्याखाली लोकांची उघडी घड्याळं. त्यांनी माझ्यासमोर पूर्ण खोललं, सगळे पार्ट धुतले, मेनस्प्रिंगला ग्रीस वेगळं, जोराच्या चाकांना घट्ट तेल, आणि बॅलन्सच्या पिव्हटला सुईच्या टोकावर येईल एवढंच पातळ तेल. मी विचारलं, काका, जरा जास्त टाकलं तर काय होतंय, तर म्हटले, "जास्त टाकलं की ते पसरतंय, पसरलं की जिथं पाहिजे तिथं राहत नाही. तेल कमी पडून जेवढी घड्याळं माझ्याकडं येतात तेवढीच जास्त तेलानं पण येतात." पेट्रोलमधे नुसतं बुडवून वाळवून "सर्व्हिस झाली" म्हणणारे पण बाजारात आहेत, तसलं करून घ्यायचं नाही, त्यात जुनं तेल पूर्ण निघत नाही आणि नवं तर पडतच नाही. तीन-चार वर्षांनी एकदा नीट सर्व्हिस करायची. काकांच्या डब्यात अजून एचएमटीचे सुटे पार्ट आहेत, बॅलन्स, मेनस्प्रिंग, चावीचे दांडे, आणि म्हणूनच हे घड्याळ कोल्हापुरात बिनधास्त वापरता येतंय. परदेशी ब्रँडच्या जुन्या घड्याळाला एक चाक पाहिजे म्हटलं तर महिना-महिना वाट बघायला लागते.

पट्ट्याचं सांगतो आणि थांबतो. घड्याळाबरोबर आलेला रेक्झिनचा पट्टा मी काढून टाकला आणि सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराकडं गेलो. आपल्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यात केमिकल पॉलिश नसतंय, आणि घामाच्या हाताला ते छान बसतंय. कारागीर मामा पहिल्यांदा तयारच होईनात, एवढं बारीक काम कोण करणार म्हणाले, पण घड्याळ हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला, "आमच्या लग्नातलं घड्याळ असलंच हुतं की" म्हणत बसले मापं घ्यायला. 18 मिमी रुंदीचा, चपलेच्या पट्ट्याएवढं जाड कातडं सोलून पातळ केलेला, कडेनं हाताची शिलाई, चपलेच्या वेणीची एक बारीक ओळ मधनं. सुरुवातीला चार दिवस कडक, मग मनगटाचा आकार घेतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हिरड्या-बाभळीच्या कातड्यात टॅनिन असतंय आणि टॅनिनला लोखंडाचा बुरा आणि ओल एकत्र लागली की निळसर काळा डाग पडतो, शाईसारखा, तो धुवून जात नाही. आपल्या हाताला ग्राइंडिंगची बारीक धूळ कायम असते. म्हणून साबणानं हात धुवून, पूर्ण कोरडे करून मगच घड्याळ बांधायचं, आणि पट्ट्याला महिन्यातनं एकदा खोबरेल तेलाचा अगदी हलका हात द्यायचा. मामांनी शिल्लक कातड्यातनं अजून दोन पट्टे निघतील असं सांगितलंय, त्यातला एक फाउंड्रीवाल्या मित्रासाठी सांगून ठेवलाय, त्याच्या मनगटाला एक भोक जास्त लागतंय.